कपाटातला पिवळा फुगा

१

त्या घरात सकाळचा चहा उकळायच्या आधी एक तपासणी होत असे. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत शाळेतल्या पोरासारखे ताठ बसायचे, हनुवटी वर करायचे, आणि त्यांची लेक त्यांच्या कॉलरला बिल्ला लावायची. बिल्ला कसला, तर शर्टाच्या गुंडीपेक्षा थोडा मोठा, चपटा, वरच्या कडेला बारीक जाळी. बाबांनी सोडलेला श्वास त्या जाळीतून आत जायचा, आतलं यंत्र तो हुंगायचं आणि निरोगी माणसाच्या श्वासापेक्षा तो किती बिघडलाय ते फोनवर आकड्यात सांगायचं. सुई टोचायला नको, रक्त काढायला नको. आकडा शून्याच्या जवळ आला की माणूस बरा, लांब गेला की आजारी, इतका सरळ कारभार.

"काय म्हणतात इन्स्पेक्टर?" बाबा रोज विचारायचे.

"नापास."

"अरेरे! पण कालच्यापेक्षा बरा नापास की वाईट नापास?"

यावर लेक हसायची, आणि तिच्या हसण्याच्या शेवटी एक उचकी यायची. लहानपणापासूनची सवय. बाबा म्हणायचे, आमच्या पोरीच्या हसण्याला शेवटी ब्रेक लागतो. मग ते स्वतः हसायचे, पोटातून गडगडत, आणि हसता हसता खोकल्याची उबळ यायची. ती ओसरली की चष्मा काढून काचेवर 'हाऽ' करायचे, काच धुकट झाली की शर्टाच्या टोकाने पुसायचे. तपासणी संपली, आता चहा.

बाबांनी उभा जन्म फुगे विकले. बागेच्या फाटकाशी उभं राहून, तोंडाने फुगवून. पंप त्यांनी कधी हातात धरला नाही. "पंपाच्या हवेला काय चव असते का?" म्हणायचे. गालात सतत पेपरमिंटची गोळी, त्यामुळे त्यांचे फुगे फुटले तरी सुगंध सोडून जायचे. आणि अशा माणसाच्या पोटी आलेली लेक तीन वर्षांची असल्यापासून फुगे फोडत सुटली. तेव्हापासून तिचं नाव टाचणी. आता ती स्वतः एका मुलीची आई झाली होती, पण बाबांच्या तोंडी टाचणी ती टाचणीच.

नातीच्या, म्हणजे ठकीच्या वाढदिवसाला बाबांनी घरभर फुगे फुगवले होते. त्यानंतर त्यांना ताप आला, तो छातीत उतरला, आणि ताप गेला तरी दम काही परत येईना. खुर्चीतून दारापर्यंत जायचं तर मधे भिंतीला टेकावं लागे. डॉक्टरीणबाईंनी बाबांसमोर धीर दिला, पण टाचणीला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, "आकडा लाल रेषेच्या वर गेला की लगेच घेऊन या. मग नाकाला ऑक्सिजनची नळी लावावी लागेल. आणि, हे बघा, फार आशा धरू नका."

टाचणी जिन्यावर बसून ढसाढसा रडली. मग तोंड धुतलं आणि आत जाऊन बाबांना म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणतायत, पेशंट वात्रट आहे."

२

हे बिल्ले ज्या कारखान्यात बनायचे तिथेच टाचणी कामाला होती. तिच्या खोलीत दोरीवर कपडे वाळत घालावेत तशा पिशव्या टांगलेल्या असत. मोठ्या, पारदर्शक, फुगलेल्या. त्यांत चांगल्या धडधाकट माणसांचे श्वास भरून ठेवलेले. नवा बिल्ला तयार झाला की त्याला पिशवीतला श्वास थोडा हुंगवायचा. म्हणजे त्याला कळतं की निरोगी श्वास तो असा. ते त्याचं शून्य. पुढे जन्मभर तो सगळ्या दुनियेला त्या शून्याशी ताडून बघणार.

"म्हणजे माझे बाबा कुणाशी ताडले जातायत, माहितीये?" टाचणी एकदा जेवणाच्या सुट्टीत चिडून म्हणाली. "कुठल्यातरी पिशवीतल्या पैलवानाशी! नापासच होणार ना ते."

समोर बसलेला तिच्याबरोबरचा कामगार घास थांबवून हसला. त्याचं नाक नको तितकं लांब होतं आणि तो आल्यागेल्याला हुंगत असे, म्हणून सगळे त्याला नाकोबा म्हणत. "मग काय, बाबांचाच जुना श्वास आणणार का? आजारी पडायच्या आधीचा?"

तो गमतीत बोलून गेला. पण त्याच रविवारी टाचणी बाबांच्या खोलीतलं कपाट आवरायला स्टुलावर चढली, तर सगळ्यात वरच्या कप्प्यात, रजईच्या मागे, एक पिवळा फुगा. वाढदिवसाचा. ठकीने लपवून ठेवलेला. थोडा सैल पडला होता, पण जिवंत होता.

दुसऱ्या कुणी तो फोडला असता नाहीतर पोरीला खेळायला दिला असता. पण टाचणी रोज श्वासांच्या पिशव्यांत वावरणारी. तिला फुगा दिसलाच नाही, तिला पिशवी दिसली. बाबांच्या चांगल्या दिवसांतला, अस्सल, न बिघडलेला श्वास! स्टुलावरच तिला इतका आनंद झाला की ती पडता पडता वाचली.

सोमवारी कापडी पिशवीत फुगा आणि बाबांचा बिल्ला घालून ती बसने कारखान्यात गेली. शेजारच्या बाईला वाटलं, पोराला खूश करायला नेतेय. नाकोबाने तर हात जोडले. "धन्य आहेस!" पण मदतही त्यानेच केली. फुग्याची गाठ हलक्या हाताने सोडली, बाबांच्या बिल्ल्यावर अगदी थोडी हवा सोडली, आणि लगेच तोंड पिळून दोऱ्याने घट्ट बांधून टाकलं. खोलीभर पेपरमिंटचा वास दरवळला.

"आता बाबा फक्त बाबांशीच ताडले जाणार," टाचणी म्हणाली.

नाकोबाने बिल्ला नाकाशी धरला. "वास तर कालच फुगवल्यासारखा ताजा आहे गं," म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला.

संध्याकाळी टाचणीने फुगा परत कपाटात ठेवला. ठकीची वस्तू ठकीच्या जागी.

३

आणि काय सांगावं, बाबा सुधारायला लागले.

आकडा खाली येऊ लागला. पहिल्या आठवड्यात टाचणीला वाटलं, शून्य बदललं म्हणून आकडा बदलला, त्यात काय. पण आकडा सोडा, माणूसच बदलत होता. बाबा एका दमात दारापर्यंत जाऊन आले. मग गॅलरीत गेले. मग एका सकाळी ती उठून बघते तर खुर्ची रिकामी, आणि बाबा खाली रस्त्यावर पाववाल्याशी हुज्जत घालत उभे! तिने वरून आरोळी मारली, तर त्यांनी खालून पाव हलवून दाखवला.

जावई बस चालवायचा. तो फारसं बोलणारा नव्हे, पण त्या दिवशी त्याने सासऱ्याला खांद्यावर उचलायचंच काय ते बाकी ठेवलं. ठकीने आजोबांच्या पाठीवर घोडा घोडा खेळून घेतलं. घरात नुसता कल्ला. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून ऐकलं, फोनवरचा आकडा पाहिला, आणि खुर्चीत मागे रेलल्या.

"मी काही केलेलं नाही हं," त्या म्हणाल्या. "हे तुमचं तुम्ही केलंत."

"पेपरमिंट," बाबा गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "लिहून घ्या. दिवसातून चारदा."

टाचणीचा जीव भांड्यात पडला. रात्री ती नवऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "मला इतका आनंद झालाय की भीती वाटते." तो म्हणाला, "मग आनंदच ठेव, भीती उद्या बघू." आणि दोघं झोपली.

भीती खरोखरच दुसऱ्या दिवशी आली, आणि अगदी बारीक होऊन आली.

फोनवर आकड्याच्या खाली एक रेघ असायची. बाबांनी श्वास सोडला की ती वर चढायची, घेतला की उतरायची. चढ, उतार, चढ, उतार. त्या सकाळी टाचणीला दिसलं की दोन चढांच्या मधे, जिथे रेघ तळाला जाऊन स्वस्थ पडायला हवी, तिथे एक इवलासा उंचवटा आहे. एकदा नव्हे, प्रत्येक वेळी. बाबा श्वास घेत असताना तिथे कुणीतरी सोडत होतं.

"तू जवळ बसली असशील," नाकोबा म्हणाला.

"मी स्वयंपाकघरातून बघत होते."

"मग पोर असेल."

"पोर शाळेत."

"मग बिल्ला बिघडलाय. काय बाई तू! माणूस बरा होतोय ते बघ ना."

तेही खरंच होतं. टाचणीने बिल्ला धुतला, सुकवला, पुन्हा लावला. उंचवटा होताच. थोडा मोठाच झालेला वाटला, पण वाटण्याला काय अर्थ आहे, असं तिने स्वतःला बजावलं.

४

एका दुपारी बाबा स्वयंपाकघरात ठकीबरोबर केक करत होते. म्हणजे ठकी पीठ सांडत होती आणि बाबा तिला शाबासकी देत होते. टाचणीने त्यांचा बिल्ला पुसायला काढून घेतला होता. पुसून झाल्यावर तो तिने बाबांच्या खोलीत कपाटावर ठेवला आणि पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालायला घेतल्या.

खिशातला फोन बारीक थरथरला. नवं मोजमाप सुरू झालं की तो तसा थरथरायचा.

तिने पाहिलं. रेघ चढत होती, उतरत होती. संथ, लांब, मजेत. इवलासा उंचवटा नव्हे, चांगला ऐसपैस श्वास. आणि आकडा शून्य. बाबांच्या निरोगी श्वासाशी तंतोतंत जुळणारा.

खोलीत कुणी नव्हतं. कपाटाच्या दाराला मधे फट होती.

आता टाचणी काही भित्री नव्हती. तिने मनाशी हिशोब मांडला. फुगा आत आहे, दोरा सैल झाला असेल, हवा गळत असेल, बिल्ला ती हुंगतोय, झालं. पण गळणारी हवा सरळ गळत राहते. ती चढत नाही, उतरत नाही. तिने कान दिला. कपाटातून एक आवाज येत होता, रबर रबराला घासल्यासारखा, बारीक कुरकुर. मग थांबायचा. मग पुन्हा.

तिने स्टूल ओढलं, वर चढून दार उघडलं.

पिवळा फुगा रजईच्या मागे बसला होता. सैल नव्हता. टच्च होता, वाढदिवसाच्या दिवशी होता त्याहूनही. वाढदिवसाला किती महिने झाले! इतक्या दिवसांत कुठलाही फुगा सुरकुतून लोळागोळा होतो, हे फुगेवाल्याच्या लेकीला कुणी सांगायला नको. तिने बोट लावलं. ऊन लागलेल्या भिंतीसारखा कोमट. पण कपाटावर ऊन येत नव्हतं.

तेवढ्यात स्वयंपाकघरात बाबा मोठ्याने हसले. आणि तिच्या बोटाखालचं रबर हललं. भरभर, गडगडत, त्या हसण्याबरोबर.

टाचणीने हात मागे घेतला. दार लावलं. खाली उतरून दाराला पाठ टेकून ती उभी राहिली आणि तिच्या तोंडून आपोआप शब्द निघाले, "माफ करा हं." कुणाला म्हणाली ते तिचं तिलाच कळेना. मग तिला स्वतःचंच हसू आलं, उचकीसकट. आपण फुग्याची माफी मागतोय!

स्वयंपाकघरातून बाबा ओरडले, "एकटी काय हसतेस गं? इकडे ये, तुझ्या लेकीने माझा केक केलाय, मलाच भट्टीत घालतेय!"

५

त्यानंतर ती बाबांकडे बघायला लागली. आधीही बघायची, पण आता चोरासारखी.

रविवारी सगळी गॅलरीत उन्हाला बसली होती. बाबा ठकीला जुनी गोष्ट सांगत होते. एकदा वाऱ्याने सगळेच्या सगळे फुगे उडाले, आणि ते एका टकलू साहेबाच्या मागे कसे लागले, साहेब कसा पळाला. गोष्ट शंभरदा ऐकलेली, तरी जावई गुडघ्यावर थापा मारत होता. बाबा सांगत होते, हातवारे करत होते, साहेबाचा आवाज काढत होते. टाचणी हसत होती, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की गोष्ट सुरू झाल्यापासून बाबा कुठे थांबलेच नाहीत.

सांगणारा कितीही तयारीचा असो, वाक्यांच्या मधे एक घोट हवा घेतोच. बाबा घेत नव्हते. तिने त्यांच्या शर्टाच्या खिशावर नजर ठेवली. खिशात पेन होतं. माणूस बोलतो तेव्हा छाती वरखाली होते, पेन हलतं. पेन हलत नव्हतं.

तिने फोन काढला. आकडा शून्य. रेघ सपाट. चढ नाही, उतार नाही, टेबलाच्या कडेसारखी सपाट.

"बाबा, जरा हे बघू," म्हणत तिने त्यांच्या कॉलरचा बिल्ला काढला आणि स्वतःच्या तोंडाशी धरून फुंकर मारली. रेघ टुणकन वर उडाली. म्हणजे बिल्ला धडधाकट होता. तिने तो परत लावला. रेघ पुन्हा आडवी झाली.

"पास का नापास?" बाबांनी विचारलं.

"पास," ती म्हणाली. "पैकीच्या पैकी."

"वा!" बाबा खूश झाले. त्यांनी चष्मा काढला, तोंडाजवळ धरला आणि काचेवर 'हाऽ' केलं. काच लख्ख राहिली. उन्हात चमकत राहिली. धुकं नाही, वाफेचा कणही नाही. बाबांनी ती सवयीने शर्टाच्या टोकाने पुसली, डोळ्यांवर चढवली, आणि लेकीकडे बघून हसले.

"काय गं, अशी काय बघतेस? नवरदेव दिसतोय का मी?"

चेहरा कसा टवटवीत! गाल वर आलेले. हात गरम, तिने धरून पाहिला. नाडी लागत होती. हे तिचेच बाबा होते, अगदी तेच, केसाइतकाही फरक नाही. नुसता दम तेवढा त्यांनी दुसरीकडे ठेवलेला.

कुणाला सांगावं? डॉक्टरीणबाईंना? त्या बाबांना आत घेतील, चार ठिकाणी यंत्रं लावतील, आणि कपाट? नाकोबाला सांगितलं तर तो फुगा हुंगायला येईल, गाठ सोडेल. नवऱ्याला सांगितलं तर तो बिचारा तिच्या कपाळाला हात लावून ताप बघेल. नाही. बाबा समोर बसले आहेत, पोर त्यांच्या मांडीवर आहे, ऊन आहे. टाचणीने ठरवलं की हे आपल्यापाशीच राहू द्यायचं.

त्या संध्याकाळी तिने घरातल्या सगळ्या टाचण्या, सुया, पिना एका डब्यात भरल्या आणि डबा नवऱ्याच्या बसच्या आगारात पाठवून दिला. "शिवणकामाची हौस फिटली," असं कारण सांगितलं. कपाटाच्या वरच्या कप्प्यात जुनी मऊ शाल अंथरली. दोऱ्याच्या गाठीवर दुसरी गाठ मारली. फुगा तिच्या हातात सावकाश फुगत होता, सावकाश उतरत होता. झोपलेलं मूल उचलावं तसा तिने तो उचलून ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर माया त्याहून जास्त वाटत होती.

६

वर्ष फिरून ठकीचा वाढदिवस आला.

या खेपेला फुगे पंपाने फुगवले. बाबांनी नाक मुरडलं, पण टाचणीने त्यांना फुग्यांना हात लावू दिला नाही. "तुम्ही साहेब, खुर्चीत बसून हुकूम सोडायचे." घर पोरांनी भरून गेलं. केक कापला, अर्धा खाल्ला, अर्धा एकमेकांच्या तोंडाला फासला. बाबा मधोमध उभे राहून नकला करत होते. पोरं लोळत होती. जावयाने गाणं लावलं आणि स्वतःच नाचायला लागला, जे कुणी आजवर पाहिलं नव्हतं. टाचणी हसून हसून भिंतीला टेकली.

मग फुगे फोडायचा खेळ निघाला. घरात टोचायला एकही टाचणी मिळेना, तर पोरांनी केकवरच्या टोकदार काड्या उपसल्या. फाट, फाट, फाट! प्रत्येक आवाजाला टाचणी स्वतःला समजावत होती. कपाट बंद आहे. किल्ली माझ्याकडे आहे. तिने कमरेशी चाचपलं.

किल्ली नव्हती.

"हा माझा सगळ्यात जुना फुगा!" ठकी बाबांच्या खोलीतून नाचत आली. डोक्यावर दोन्ही हातांनी पिवळा फुगा धरलेला. "आजोबांनी तोंडाने फुगवलेला! हा सगळ्यात मोठ्ठा फुटणार!"

पोरं काड्या घेऊन धावली.

टाचणी जिथे होती तिथून निघाली, मधे खुर्ची आहे की टेबल आहे ते तिने पाहिलंच नाही. केकची ताटली उलटली. तिने एका पोराचा हात वरच्या वर धरला, दुसऱ्याला कोपराने बाजूला सारलं आणि फुगा ओढला. काडी रबराला लागली नाही. पण ठकीने दोरा बोटाला गुंडाळला होता. हिसक्यासरशी दोरा निसटला, गाठी सुटल्या, आणि फुग्याचं तोंड फुर्र करून उघडलं.

पेपरमिंटचा वास घरभर पसरला.

तिने चिमटीत तोंड आवळलं तोवर फुगा निम्म्याहून लहान झाला होता. तिच्या मागे बाबा नक्कल करता करता अर्ध्या शब्दावर थांबले.

"काय झालं बाबा?" जावयाचा आवाज.

बाबा खुर्चीत बसले, म्हणजे त्यांचे गुडघेच बसले. तोंड हसरं, डोळे उघडे, आणि ओठांचा रंग पुसून टाकल्यासारखा उतरत चाललेला. "पाणी आणा कुणीतरी," जावई ओरडला.

टाचणी फुगा छातीशी धरून बाबांच्या खोलीत धावली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. हातातलं रबर क्वचित हलत होतं. एकदा. फार वेळाने पुन्हा एकदा. आणखी बाबांचा श्वास कुठून आणायचा? या फुग्यात होता तेवढाच त्यांचा जगात उरला होता. दुसऱ्या कुणाचा घातला तर काय होईल, हे कोण सांगणार? शून्याला दुसरं काही मिसळायचं नसतं, ही तिच्या कामातली पहिलीच शिकवण.

बाहेर ठकी रडायला लागली. "आजोबा, बोला ना! आजोबा!"

टाचणीने फुग्याचं तोंड ओठांत धरलं. बाबांनी तिला लहानपणी शिकवलं होतं तसं, गाल न फुगवता, पोटातून. तिने डोळे मिटले, आणि अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं आत सोडलं.

७

कपाटात सापडलेल्या दुसऱ्या दोऱ्याने घट्ट आवळून तिने दोन गाठी मारल्या. मग तिसरी. फुगा पुन्हा टच्च झाला होता. रंग किंचित वेगळा वाटत होता, पण खोलीत उजेडही कमी होता. तो शालीवर ठेवून ती दाराशी आली, आणि दार उघडायचा धीर होईना म्हणून तशीच उभी राहिली.

बाहेर सगळं चिडीचूप होतं.

मग बाबा हसले.

आधी हळू, मग मोठ्याने, मग पोरं त्यांना येऊन मिळाली, जावई मिळाला, गाण्याचा आवाज पुन्हा वाढला. टाचणी दाराच्या चौकटीला धरून खाली बसली, गाल ओले झालेले, आणि देवा, देवा, देवा एवढंच म्हणत राहिली.

बाबा पुन्हा हसले. या वेळी तिला नीट ऐकू आलं. ते गडगडणं नव्हतं. पातळ, भरभर, वर चढत गेलेलं हसू, आणि शेवटी एक उचकी.

"अगं, बाहेर ये!" नवरा हसत हसत ओरडला. "बाबांनी काय घाबरवलं आम्हाला! आणि आता तुझी नक्कल करतायत. हुबेहूब! डोळे मिटले तर वाटेल तूच आहेस."

"नक्कल कसली?" बाबांचा आवाज आला. आवाज त्यांचाच, पण ते जरा गोंधळलेले. "मी हसलो. नुसता हसलो." आणि पुन्हा तेच हसू, तीच उचकी. पोरांनी टाळ्या पिटल्या.

टाचणी उठली. तोंड पुसलं. दार उघडून बाहेर गेली. बाबा खुर्चीत बसले होते, ओठ गुलाबी, मांडीवर ठकी, नाकावर केकचा ठिपका. लेकीला बघताच त्यांनी हात पसरले.

"टाचणे! कुठे होतीस? सगळी मजा गेली की तुझी."

ती त्यांच्या गळ्यात पडली. कॉलरवरचा बिल्ला तिच्या गालाला टोचला, आणि खिशातला फोन बारीक थरथरला. आकडा आज शून्य नसणार, हे तिला न बघताच ठाऊक होतं. तिने फोन काढलाच नाही. बाबा जिवंत होते. बाबा हसत होते. तिला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि त्या आनंदाच्या भरात तिलाही हसू फुटलं, भरभर, वर चढत, थांबता थांबेना असं.

ते आपोआप ओसरलं. शेवटच्या उचकीसाठी ती सवयीने क्षणभर थांबली.

उचकी आली नाही.

ठकीने आजोबांच्या मांडीवरून मान वर करून आईकडे पाहिलं. "आई," ती म्हणाली, "तुझं हसू संपलं नाही अजून."